नऊ व्होल्ट म्हणजे नेमके किती?

वाचकाचं पत्र: मामांच्या माळ्यावर दोन जुने होम कॉम्प्युटर मिळाले. एक कमोडोर 64 आणि एक रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम 48के. दोन्हींचे मूळ अडॅप्टर सोबत आहेत. लावण्याआधी मल्टिमीटरने मोजून पाहिले. स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरवर 9 व्होल्ट छापलंय, पण मीटर 13.6 दाखवतो, म्हणजे तो गेलेला दिसतो. कमोडोरची वीट, म्हणजे त्याचा जड अडॅप्टर, मात्र 5 व्होल्टच्या पिनेवर बरोबर 5.1 दाखवते. तेव्हा कमोडोर तसाच चालू करावा आणि स्पेक्ट्रमला जुन्या राउटरचा 9 व्होल्ट, 0.6 अँपिअरचा अडॅप्टर लावावा, असा विचार आहे. पिन अगदी बरोबर बसते. पुढेमागे कमोडोरची वीट बंद पडलीच, तर मोबाईलच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर तो चालेल का? मामा पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्यांना दोन्ही मशीन चालू करून दाखवायची आहेत.

उत्तर: आधी एकच सांगतो. कमोडोर अजून चालू केला नसेल तर करू नका. त्या विटेची वायर मशीनपासून लांब ठेवा आणि मग पुढचं निवांत वाचा.

तुम्ही लावण्याआधी मोजलंत हे फार चांगलं केलंत. बरेच जण थेट लावूनच बघतात आणि मग मला पत्र लिहितात, आणि तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. फक्त मीटरने जे दाखवलं त्याचा अर्थ तुमच्याकडून नेमका उलटा लागला आहे. 13.6 दाखवणारा स्पेक्ट्रमचा अडॅप्टर बहुधा धडधाकट आहे. आणि 5.1 दाखवणारी कमोडोरची वीट हीच या दोघांतली धोक्याची वस्तू आहे.

जुन्या मशीनसाठी सप्लाय बघताना मी सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतो: 5 व्होल्ट सांभाळायचं काम कोणाकडे आहे? दोन्ही मशीन 1982 सालची. दोन्हींच्या आतल्या बहुतेक चिप 5 व्होल्टवर चालतात, आणि त्यात फार सवलत नसते, 4.75 ते 5.25 एवढ्यातच सगळं राहायला हवं. हे 5 व्होल्ट कोणीतरी घट्ट धरून ठेवावे लागतात. स्पेक्ट्रममध्ये ते काम मशीनच्या आत होतं. कमोडोर 64 मध्ये ते बाहेर, विटेच्या आत होतं. तुमच्या पत्रातला सगळा घोटाळा या एका फरकातून आला आहे.

आधी स्पेक्ट्रम घेऊ. त्याच्या अडॅप्टरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर, काही डायोड आणि एक मोठा कपॅसिटर असतो, व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा रेग्युलेटर नसतोच. ट्रान्सफॉर्मरमधून येणारा एसी सतत वर-खाली होत असतो आणि कपॅसिटर त्याच्या शिखरापर्यंत भरत जातो. शिखर हे आपण बोलतो त्या एसीच्या आकड्याच्या 1.414 पट असतं. त्यात, काही लोड (म्हणजे करंट ओढणारं काही) नसताना छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज तसंही चढलेलं असतं. तुम्ही मीटर लावलात तेव्हा करंट ओढणारं कोणीच नव्हतं, म्हणून कपॅसिटर शिखरावर बसून राहिला आणि 13.6 दिसले. अडॅप्टरवर छापलेले 9 व्होल्ट हे 1.4 अँपिअर ओढले जात असतानाचे आहेत. मशीन जोडलं की आकडा आपोआप खाली उतरतो, आणि उरलेलं काम आतला 7805 रेग्युलेटर करतो. वरून 9 येवोत, 10 येवोत की 11, तो पुढे 5 च सोडतो आणि वरचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. स्पेक्ट्रम थोड्या वेळाने उजव्या बाजूला गरम लागतो तो यामुळेच. त्याला मशीनचा दोष समजू नका.

तेव्हा हा अडॅप्टर टाकून देऊ नका, पण लगेच मशीनलाही जोडू नका. चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकलेला असू शकतो. 10 ओहमचा, 20 वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर मिळवा, अडॅप्टरच्या दोन टोकांमध्ये जोडा आणि जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजा. रेझिस्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवा, तो हात भाजेल इतका तापतो. साधारण एक अँपिअरच्या लोडवर आकडा 9 ते 11 च्या दरम्यान येऊन थांबला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. 8 च्या खाली घसरला, किंवा नंतर मशीन जोडल्यावर चित्रात काळपट आडव्या पट्ट्या सावकाश सरकू लागल्या, तर कपॅसिटर गेला असं समजा. 7805 ला बाहेर 5 सोडायला आत किमान 7 तरी लागतात. सुकलेल्या कपॅसिटरमुळे व्होल्टेज क्षणोक्षणी त्याखाली जातं आणि तेच पट्ट्यांच्या रूपात दिसतं. तसं झालं तर अडॅप्टर उघडत बसू नका. घरातल्या मेन लाईनला जोडलेली, चिकटवून बंद केलेली डबी उघडायची गरज या पूर्ण कामात कुठेही नाही, आणि उघडू नका हे मी आग्रहाने सांगतो.

आता राउटरचा अडॅप्टर. 9 व्होल्ट बरोबर आहेत. 0.6 अँपिअर कमी आहेत. 48के मशीन साधारण पाऊण अँपिअर ओढतं, तेव्हा निदान दीड अँपिअरचा तरी घ्या. पण खरी अडचण तिसरीच आहे. अडॅप्टरवरचं ते छोटं चित्र बघा: मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला वजा. ठिपका ज्या चिन्हाला जोडलेला असतो ते पिनेच्या आतल्या भोकाचं टोक. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये आतलं टोक अधिक असतं. स्पेक्ट्रममध्ये आतलं टोक वजा आणि बाहेरची नळी अधिक. पिन मापाला तंतोतंत बसते, म्हणूनच हाताला फसवते. उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड या मशीनच्या आत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या हातून एक स्पेक्ट्रम असाच गेला. अडॅप्टरवर चित्र नव्हतं, पिन बसली, मी मोजायचा कंटाळा केला. धूर आला नाही, आवाजही आला नाही, टीव्हीवर फक्त काहीच दिसलं नाही. उघडून तपासलं तेव्हा आतल्या छोट्या कन्व्हर्टरचा ट्रान्झिस्टर गेला होता. हा कन्व्हर्टर त्याच 9 व्होल्टमधून 12 आणि उणे 5 तयार करतो. स्पेक्ट्रमच्या खालच्या 16के मेमरीतल्या 4116 चिपना 5 शिवाय हे दोन्ही लागतात, आणि उणे 5 नाहीसे होऊन बाकीचे व्होल्टेज तसेच राहिले की त्या चिप जळतात. माझ्या मशीनमध्ये ट्रान्झिस्टरपाठोपाठ मेमरीतल्याही काही चिप गेल्या. मीटर टेबलावरच पडलेला होता. दहा सेकंदांचं काम होतं.

तुम्हाला नवा अडॅप्टर वापरायचा असेल तर 9 व्होल्ट डीसी (एसीसारखा वर-खाली न होणारा), दीड ते दोन अँपिअर, रेग्युलेटेड असा घ्या. त्याची कमी व्होल्टेजची वायर पिनेपासून वीतभर अंतरावर कापा, दोन्ही तारा उलटसुलट जोडा, सोल्डर करा आणि प्रत्येक तारेवर वेगळी हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा. कापायचं नसेल तर ध्रुव उलटवणारी छोटी जोडवायर तयार मिळते, तीही चालेल. त्यानंतर मीटरचा काळा प्रोब पिनेच्या भोकात, लाल प्रोब बाहेरच्या नळीवर, आणि आकडा अधिक 9 आला पाहिजे. समोर वजा चिन्ह दिसलं तर थांबा. पटलं की त्या वायरला लाल टेप गुंडाळून वर 'स्पेक्ट्रम' असं लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातलं कोणीतरी तोच अडॅप्टर राउटरला लावेल.

नव्या रेग्युलेटेड अडॅप्टरचा एक खरा फायदा आहे. 7805 मधून 0.6 अँपिअर जातात असं धरा. वरून 10.5 येत असतील तर त्याला 5.5 व्होल्ट गिळायचे असतात, म्हणजे 3.3 वॉट उष्णता. वरून नेमके 9 आले तर 2.4 वॉट. बंद डबीत एवढा फरक हाताला कळतो. काही जण '12 व्होल्टचा आहे, आतला रेग्युलेटर बघून घेईल' म्हणतात. मग तोच आकडा 4.2 वॉटवर जातो आणि कन्व्हर्टरवरही उगाच ताण येतो. ते करू नका. वायरमध्ये एक छोटा स्विच मात्र नक्की बसवा. स्पेक्ट्रमला चालू-बंद करायचं बटणच नाही. पिन खुपसून आणि उपसून चालू-बंद करताना दर वेळी ठिणगी पडते, सॉकेट सैल होतं आणि सैल सॉकेटमधून तुटकतुटक जाणारं व्होल्टेज त्या कन्व्हर्टरला मानवत नाही.

आता कमोडोर.

कमोडोर 64 ची वीट मशीनला दोन गोष्टी पुरवते: 5 व्होल्ट डीसी, साधारण दीड अँपिअर, आणि 9 व्होल्ट एसी, साधारण एक अँपिअर. 5 व्होल्टचा रेग्युलेटर विटेतच आहे, आणि बहुतेक विटा आतून इपॉक्सीने ओतून भरलेल्या असतात. म्हणून तर त्या इतक्या जड लागतात. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर दोघे एकाच गठ्ठ्यात पुरलेले. गरम व्हायचं काम दोघांचं, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट फारशी नाही. अशी वर्षं काढल्यावर रेग्युलेटर बिघडतो, आणि तो बिघडण्याची रीतच वाईट आहे. नुसता बंद पडला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तो बंद पडत नाही, तो ढिला होतो. 5 चे साडेपाच होतात, मग सहा होतात, त्याहून वर जातात. आणि आत मशीनमध्ये या लाईनवर दुसरा पहारेकरी नाही. सॉकेटमधून आलेले 5 व्होल्ट स्विच आणि फिल्टरमधून थेट चिपवर जातात. सगळ्यात आधी बहुतेक मेमरीच्या चिप जातात.

तुमचा 5.1 हा आकडा खोटा नाही, तो अपुरा आहे. वीट थंड होती, लोड नव्हता, आणि तुम्ही तिला दोन मिनिटांसाठी मोजलंत. असे रेग्युलेटर तापल्यावर घसरतात. पहिली वीस मिनिटं 5.1, आणि मामा खुर्चीत बसून खेळत असताना तिसाव्या मिनिटाला 6, हे अगदी शक्य आहे. त्या वेळी तुमचा मीटर कपाटात असेल. काही विटा स्क्रूने उघडणाऱ्या असतात, त्यांची देखभाल करता येते. पण तुमची ओतून भरलेली असेल (खालून बघा, स्क्रू नसतील आणि उचलली तर दगडासारखी लागेल), तर तिला निवृत्त करा. आठवण म्हणून जपून ठेवा, वायरला 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधा. मशीनवर मात्र गुंडाळून ठेवू नका. जुन्या वायरच्या प्लॅस्टिकमधलं तेल वर्षानुवर्षं खालच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि कव्हरवर कायमचा वितळल्यासारखा वळ उठतो.

मोबाईलच्या चार्जरचं काय? तो फार तर अर्धं काम करील. 9 व्होल्ट एसी कुठून येणार? 'एसी कशाला, 9 व्होल्ट डीसी देऊ' असं सुचेल, पण तसं चालत नाही. कमोडोरमधल्या सीआयए चिपमध्ये घड्याळ आहे, ते याच एसीची 50 किंवा 60 हर्ट्झची थाप मोजून चालतं. जुन्या कमोडोरमधल्या लांब सर्किट बोर्डांवर व्हिडिओची व्हिक चिप आणि आवाजाची सिड चिप यांना 12 व्होल्ट लागतात, आणि ते 12 व्होल्ट एसी दुप्पट करणाऱ्या सर्किटमधून येतात. त्यात कपॅसिटरमधून एसीच पुढे जातो, डीसी अडतो. कॅसेट यंत्राची मोटारही याच 9 व्होल्टच्या जिवावर फिरते. म्हणून नुसते 5 व्होल्ट दिले की लांब बोर्डाचा कमोडोर काळी स्क्रीन दाखवून बसतो आणि मालकाला वाटतं मशीन मेलं. अशी 'मेलेली' मशीन लोकांनी सुट्या भागांसाठी फोडलेली मी पाहिली आहेत. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. कमोडोर 64 साठी खास बनवलेला नवा सप्लाय तयार मिळतो. तो घ्यायचा असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या: आत 5 व्होल्टला जास्त व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, 9 व्होल्ट खरोखर एसीच आहेत का, आणि तुमच्या देशाच्या मेन व्होल्टेजसाठी तो बनलेला आहे का. मामांसमोर वेळेत दाखवायचं असेल आणि सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल, तर माझा कौल या रस्त्याला.

हाताने करायची हौस असेल तर मी सांगतो तसं करा. बाजारात बंद डबीचे दोन अडॅप्टर मिळतात: एक 5 व्होल्ट डीसी, 3 अँपिअर, रेग्युलेटेड, दुसरा 9 व्होल्ट एसी, एक ते दीड अँपिअर. दुसऱ्यावर 'आउटपुट एसी' असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या. दोन्हींच्या कमी व्होल्टेजच्या वायरी एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत आणायच्या आणि तिथून एकच जाड केबल 7 पिनांच्या गोल डिन प्लगकडे न्यायची. मेन लाईनला तुमचा हात कुठेच लागत नाही, म्हणूनच मला ही रीत पसंत आहे.

डिन प्लगच्या पिना घोड्याच्या नालेसारख्या बसलेल्या असतात. नालेच्या दोन टोकांच्या पिना, 6 आणि 7, या 9 व्होल्ट एसीच्या. मधोमधची 2 नंबरची ग्राउंड. तिच्या एका बाजूची 5 नंबरची पिन 5 व्होल्टची, दुसऱ्या बाजूची 4 नंबरची रिकामी. एसीच्या दोन तारांपैकी एकही ग्राउंडला जोडायची नाही. ती दोन टोकं आपली आपली मोकळी राहतात. आता इथे जी चूक हटकून होते ती अशी. आकृतीत प्लग समोरून दाखवलेला असतो आणि तुम्ही सोल्डर करता मागच्या बाजूने. मागून बघितलं की सगळं आरशातल्यासारखं उलटतं. आकृतीवर विसंबू नका. प्लगच्या काळ्या प्लॅस्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक नंबर उठवलेले असतात. भिंग घ्या, प्लग दिव्याखाली तिरका धरा, नंबर वाचा आणि मगच डाग द्या.

त्यानंतर एक पडताळणी, जी मी कधीच टाळत नाही. कमोडोरला काहीही जोडलेलं नसताना त्याचं बटण 'ऑन'कडे ढकला. मीटर बीप वाजवणाऱ्या खुणेवर ठेवा. जॉयस्टिकच्या पोर्टमध्ये चार पिनांची जी ओळ असते, तिच्यातल्या मधल्या दोन पिना म्हणजे 7 आणि 8. 7 नंबर 5 व्होल्ट, 8 नंबर ग्राउंड. सप्लायच्या सॉकेटमधल्या ज्या छिद्रातून 7 नंबरपर्यंत बीप येतो ते 5 व्होल्टचं, 8 नंबरपर्यंत येतो ते ग्राउंडचं. तुमच्या प्लगवरची तीच पिन त्याच छिद्रात जाते ना, हे प्लग हातात धरून बघा. मशीनने स्वतः सांगितलेलं उत्तर कुठल्याही आकृतीपेक्षा खात्रीचं.

वायरच्या जाडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा चार्जरचा प्रश्न इथेही अडतो. चार्जरच्या बारीक केबलमधली तार अनेकदा 28 गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), दर मीटरला सुमारे 0.21 ओहम. एक मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर तार, 0.42 ओहम. दीड अँपिअर त्यातून गेले की 0.63 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. चार्जर इमानदारीने 5 देतोय आणि मशीनपाशी पोहोचतात 4.37. मशीन कधी सुरू होतं, कधी नाही, अक्षरं बदलतात, खेळ मध्येच गोठतो, आणि दोष मेमरीच्या माथी येतो. तेच अंतर 20 गेजच्या तारेने तोडलं तर फक्त 0.1 व्होल्ट जातात. चार्जर दोन अँपिअरच्या वरचा आणि भरवशाचा असेल, तर 5 व्होल्टच्या बाजूला तो वापरायला माझी हरकत नाही, पण केबल जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा. टाईप-सी चार्जर असेल तर तो नुसत्या दोन तारा काढून जागा होत नाही. सॉकेटच्या दोन्ही सीसी पिनांना (चार्जर यांवरूनच समोर यंत्र आहे हे ओळखतो) 5.1 किलोओहमचे रेझिस्टर ग्राउंडला लावले की तो 5 व्होल्ट सोडतो. ते लावलेलं छोटं बोर्ड तयार मिळतं.

5 व्होल्टच्या लाईनवर जास्त व्होल्टेज कापणारं संरक्षण जरूर बसवा, सप्लाय कोरा असला तरी. साडेपाचच्या आसपास गेलं की रिले किंवा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लाईन तोडतो, असं छोटं सर्किट कमोडोरसाठी तयारही मिळतं. व्हिक, सिडसारख्या मूळ चिप आता नव्या बनत नाहीत. सिड गेली तर मूळ चिप बहुधा दुसऱ्या मशीनच्या पोटातूनच काढावी लागते.

सगळं जोडून झालं की पहिला लोड मशीनचा नको. 5 व्होल्टवर 3.3 ओहमचा, 10 वॉटचा रेझिस्टर लावा. दीड अँपिअर ओढले जातील. अर्धा तास तसंच ठेवा आणि दर पाच मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. तो हलता कामा नये. एसीच्या बाजूला मीटर एसीवर ठेवून मोजा. मोकळ्या ट्रान्सफॉर्मरवर 10-11 दिसले तर घाबरू नका, कारण तेच, जे स्पेक्ट्रमच्या बाबतीत सांगितलं. मग मशीन, आधी काहीही कार्ट्रिज न लावता. चालू झालं की जॉयस्टिकच्या त्याच दोन पिनांवर व्होल्टेज मोजा. सप्लायच्या टोकाला नव्हे, मशीनपाशी. प्रोब जपून धरा, 7 आणि 8 शेजारी आहेत आणि टोक घसरलं तर 5 व्होल्ट शॉर्ट होतील. मी प्रोबच्या टोकाला हीट श्रिंक चढवून फक्त दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवतो. 4.9 ते 5.1 मिळाले तर काम चोख झालं.

आणखी एक. हल्लीच्या स्विचिंग अडॅप्टरना बहुधा अर्थिंग नसतं, त्यामुळे मशीनच्या धातूला हात लागला की कधीकधी बारीक मुंग्या येतात. माणसाला त्याने सहसा काही होत नाही, पण चालू मशीनमध्ये टीव्हीची किंवा जॉयस्टिकची वायर खुपसताना तोच झटका चिपला बसू शकतो. तेव्हा सगळ्या वायरी आधी, वीज शेवटी. काढताना उलट.

माळ्यावरून आणखी काही उतरलंच तर नुसत्या पिनेवर जाऊ नका. अमस्ट्राड सीपीसी 464 ची पिन स्पेक्ट्रमसारखीच दिसते, पण त्याला 5 व्होल्ट लागतात, आतलं टोक अधिक आणि आत रेग्युलेटर नाही. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर लावला तर सीपीसी जागीच जाईल. अटारी 800 ला 9 व्होल्ट एसी, आणि त्याच घरातल्या 800एक्सएल ला 5 व्होल्ट डीसी. झेडएक्स81 मध्ये तर वीज, इअर आणि माईक तिन्हींना एकसारखीच साडेतीन मिलिमीटरची भोकं आहेत. अमिगा 500 ला 5, 12 आणि उणे 12 असे तीन लागतात. बीबीसी मायक्रोमध्ये सप्लाय पोटातच आहे आणि त्यातले जुने कागदी कपॅसिटर तडकून धूर काढतात. ते उघडायचं काम मेन लाईनची सवय असलेल्या माणसाकडेच द्या.

मामा येण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही मशीन तासभर चालवून बघा, आकडे लिहिलेला कागद जवळ ठेवा, आणि ते आल्यावर स्पेक्ट्रमचा स्विच त्यांना दाबू द्या. कमोडोरच्या जॉयस्टिक पोर्टवर अर्ध्या तासानंतर किती व्होल्ट आले ते मला कळवा. 4.8 च्या खाली असतील तर केबलचा गेज आणि लांबीही लिहा, आपण तिथूनच शोधायला सुरुवात करू.